एक रात्र, मुदत ३१ ऑक्टोबर

वर्षभर मी हुबळी, कारवार, सावंतवाडी केलं.
रिएजंटच्या पेट्या, लॅबवाल्यांची उधारी,
आणि प्रत्येक बिलावर तोच सदस्य क्रमांक.
त्याचं फळ म्हणून मेलमध्ये एक रात्र आली.
फुकट. पस्तीस हजार पॉइंटांपर्यंतची खोली,
मुदत ३१ ऑक्टोबर.
त्यानंतर रात्र बाद.

बांदेकर म्हणाला, बेळगावला उडवून टाक.
बेळगावची खोली साडेतीन हजारांची.
सोन्याच्या तराजूत भोपळा कोण तोलतो?

मी थांबलो.
बाणावलीच्या हॉटेलचा भाव रोज बघत राहिलो,
बाजारात इसवणाचा बघतात तसा.
जूनमध्ये सहा हजार, तेव्हा वापरणं म्हणजे पाप.
नाताळात चाळीस, पण तेव्हा सर्टिफिकेट चालत नाही;
बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, मी वाचतो.
मग ऑक्टोबरातला एक शनिवार, कुणा दिल्लीवाल्याचं लग्न,
भाव सव्वीस हजार चारशे, वर कर,
आणि एक, एकच खोली पॉइंटांत उघडी.
अडतीस हजार मागत होते. वरचे तीन माझ्या खात्यातले घातले.
रात्री पावणेदोनला बटण दाबलं
आणि सांगायला घरात कुणी नव्हतं.
सुलक्षा बांबोळीला, नाईटवर.

"फोंड्याहून बाणावलीला झोपायला?"
शेजारची तारामती पोट धरून हसली.

चेक-इन तीनला. आम्ही अडीचला हजर,
सुलक्षा सकाळी ड्यूटी उतरून तशीच आलेली.
काउंटरवरच्या मेल्बाने विचारलं, कुठून आलात सर?
मी म्हटलं, लांबून.

माझा बेत कागदावर होता.
पाचला पोहणं, सहाला सूर्यास्त,
रात्री शक्यतो झोपायचं नाही:
तासाला साडेबाराशे पडतात,
डोळे मिटून कशाला घालवा?
नाश्ता सातपासून, दोघांचा फुकट,
साडेदहापर्यंत दोनदा जाता येतं.

सुलक्षाने पडदा ओढला,
पलंगाच्या कडेला बसून घड्याळ काढलं,
"पाच मिनिटं," म्हणाली.

मी एकटाच पोहलो. सूर्यही एकट्यानेच बुडवला.
साडेनऊला ती उठली, पाणी प्यायली,
अर्धं सँडविच खाल्लं, परत आडवी झाली.
खाली लग्नाचे ढोल,
वर ती, एकोणीस वर्षांची थकबाकी वसूल करत असल्यासारखी.
हॉटेलच्या कोऱ्या पॅडवर मी मांडून पाहिलं:
महिन्याला आठ रात्री धरल्या तरी
अठराशे चोवीस.
पेन त्यांचंच होतं, छान चालत होतं,
तरी पुढे काही लिहिता आलं नाही.

तीनच्या सुमारास ती झोपेतच बोलली,
"सात नंबरची सलाईन बघ."
बघितली, म्हणालो.
तेव्हा कुठे कूस वळली.

सकाळी दहा. सव्वादहा.
दाराबाहेर पाटी अडकवून मी आत मोजे घालून फिरतोय.
साडेदहा.
बाराशे गुणिले दोन, गेले.
फोनवर हळू आवाजात मेल्बाला विचारलं, चारपर्यंत राहिलं तर?
"मेंबर आहात सर, चालेल."
(बाहेरच्यांना याचे पैसे पडतात. हे मात्र मी टिपून ठेवलं.)

पावणेबाराला डोळे उघडले.
"नाश्ता?"
मी केला, खोटं बोललो.
"समुद्र?"
आहे तिथेच.

बोरीच्या पुलावर तिने विचारलं, किती वाचले?
मी आकडा सांगितला, कर धरून.
"मी तर काहीच वापरलं नाही रे," म्हणाली,
आणि मांडीवरची पिशवी उघडली:
खोलीतल्या पांढऱ्या चपला, दोन्ही जोड.
"तळ मऊ आहे. वॉर्डात आवाज होणार नाही."

तिचा जोड पंधरवड्यात फाटला.
आता माझा घालते. टाचेला मोठा पडतो,
म्हणून मागून सर्जिकल टेप लावलीय.